बरण्यांची दसरापूजा

बायोटेक्नॉलॉजी म्हणजे नेमकं काय, हे मले आता कोणी विचारू नका. पोरगी कॉलेजात गेली तवापासून मी त्याचंच उत्तर देऊन राह्यलो. तसा मी वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर आहे, म्हणजे दिवसभर लोकांच्या प्रश्नांची उत्तरं देणं हाच माझा धंदा. वाशिमची कवा लागते, अकोल्याची गेली का, पोहरादेवीच्या यात्रेले जादा गाडी सोडता का नाही. समोर पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं असते, तरी विचारतात. त्याचं मले काही नाही, त्याचाच पगार घेतो. पण "तुमची तनुजा काय शिकली" या प्रश्नाचा पगार मले कोणीच देत नाही.

तनुजानं अमरावतीहून बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. केलं. फर्स्ट क्लास आला, मी पेढे घेऊन आलो, अन् पहिलाच पेढा शेजारच्या जानरावले दिला. तो म्हणे, डॉक्टर झाली का? म्हटलं नाही. मंग इंजिनेर? म्हटलं नाही. मंग मास्तरीन तरी? म्हटलं त्याले बी.एड. लागते. जानरावनं पेढा तोंडात टाकला अन् माझ्याकडे असं पाह्यलं, जसं काही माझ्या घरात गमीच झाली. पोरगी नापास झाली असती तं तो जरा मोकळेपणानं बोलला असता.

हा जानराव म्हणजे माझ्या भिंतीले भिंत लागून असलेला सल्लागार. गावाले चिकटून त्याचं वावर आहे, त्यात हळद, मेथी, वांगे, सांबार म्हणजे कोथिंबीर. सकाळी माल बाजारात टाकला की दिवसभर तो दुसऱ्यांचे संसार सुधरवाले मोकळा. त्यानं सांगितलं, पोरीले रक्त-लघवी तपासाची लॅब टाकून दे. मी म्हटलं, तो कोर्स वेगळा असते. तो म्हणे, "नावात बायो आहे ना? मंग?" अन् नुसतं माझ्यापाशी बोलून थांबला असता तं तो जानराव कायचा. गावभर सांगून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासून राह्यलो तं फाटकापाशी एक म्हातारा कागदात गुंडाळलेली बाटली घेऊन उभा. मले म्हणे, उपाशीपोटीचीच आहे. मी तोंडात ब्रश घेऊन त्याले काय समजावणार होतो? त्यानं बाटली ओट्यावर ठेवली अन् रिपोर्ट संध्याकाळी नेतो म्हणून निघून गेला.

स्टँडवर तं विचारूच नका. कँटीनवाला रतनसिंग म्हणे, त्याची बकरी चारा खाऊन नाही राह्यली, तनुजाबाईले एकदा पाठवा. एक ड्रायव्हर म्हणे, सगळं सोडून द्या अन् तलाठ्याच्या परीक्षेले बसवा. एका कंडक्टरनं तं त्याच्या मावसभावाचं स्थळच आणलं, अन् वर म्हणे, पोरगी एवढी शिकली आहे तरी ते लोक चालवून घेतील. चालवून घेतील म्हणजे काय? माझ्या पोरीत काय खोट होती? मी त्याची गाडी त्या दिवशी शिट्टी मारून वेळेच्या आधीच बाहेर काढली.

खरं सांगतो, मलेही काळजी होतीच. मी एका संध्याकाळी तनुजाले समोर बसवलं अन् म्हटलं, बाई, सरळ सांग, ही डिग्री जाते कुठं? तिनं सरळ सांगितलं. हैदराबादच्या औषधाच्या कारखान्यात जाते, तिथं शिफ्टमधी गोळ्या तपासाच्या. कॉलेजात जाते, तिथं तासाच्या हिशोबानं शिकवाचं अन् उन्हाळ्यात घरी बसाचं. पीएच.डी.कडे जाते, तिले वर्षं लागतात अन् गाइड भेटावा लागते. अन् चौथं म्हणजे टिश्यू कल्चर. हळदीचा एक कोंब घ्याचा, धुऊन निर्मळ करायचा, साखरेच्या अन् क्षारांच्या जेलीत बंद बरणीत ठेवाचा. जंतू आत गेला नाही तं त्या एका कोंबाची दहा रोपं होतात, दहाची शंभर, अन् एकालेही रोग नाही. इंझोरीच्या रस्त्याले शेतकऱ्यांची एक कंपनी आहे, तिनं अशीच लॅब टाकली आहे अन् ती चालवाले माणूस पाह्यजे. तिथले साहेब म्हणाले, मार्कशीट सगळेच आणतात, तू रोपं करून दाखव, मी दसऱ्यानंतर येऊन पाहीन.

"हे जमलं तं मले माझ्या विषयात काम भेटते बाबा, अन् तेही आपल्याच जिल्ह्यात," ती म्हणाली. "नाही जमलं तं हैदराबाद. नाही तं तुमच्या कंडक्टरचा मावसभाऊ."

मी त्याच दिवशी मागची खोली रिकामी केली.

आता मागची खोली रिकामी करणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी मागची खोली आहे त्यालेच कळंल. कूलर, जुनी सायकल, गव्हाची कोठी, पाहुण्यांच्या गाद्या, हे सगळं माझ्या पलंगाभोवती आलं. मी रात्री कोठीले टेकून झोपाले लागलो. खोलीले चुना दिला, फटी बुजवल्या, रॅक लावले, ट्यूबलाइट लावल्या. तनुजानं काच अन् प्लायवूडची एक पेटी करून घेतली, मागं पंखा अन् गाळणी, म्हणजे आतून नुसती गाळलेली हवा येते. त्या पेटीत हात घालून ती काम करायची. मंग बरण्या निर्जंतुक कराले मोठं कुकर पाह्यजे होतं. ते माझ्या बायकोचं, निताचं, माहेरून आलेलं. निता म्हणे, माझ्या कुकरात दाळ शिजंल, बरण्या नाही शिजणार. मी मधात पडलो. तवापासून आमच्या घरी दाळ पातेल्यात शिजते, अन् उशिरा शिजली की निता माझ्याकडे पाहते, तनुजाकडे नाही.

काचेच्या बरण्या कमी पडल्या म्हणून मी गल्लीत फिरून मागून आणल्या. जॅमच्या, मुरंब्याच्या, च्यवनप्राशच्या. इथंच माझं डोकं फिरलं होतं. कारण ज्यानं बरणी दिली तो त्या बरणीचा मालक राह्यला. सकाळ-संध्याकाळ कोणी ना कोणी खिडकीपाशी उभं, आमची कोणती हो? जानरावची बायको सोजरबाई, तिची बरणी वरच्या रॅकवर होती अन् शेजारणीची खालच्या, तं त्याच्यावरून दोघींचं बोलणं बंद झालं. मले बरण्यांची जागा बदलावी लागली. तनुजा म्हणे, बाबा, हलवू नका. मी म्हटलं, तुले सायन्स करायचं आहे, मले गल्लीत राहायचं आहे.

रात्रंदिवस ट्यूबलाइट जळे, तं गावात झालं की भगवंतरावनं, म्हणजे मी, अंडे उबवाचं मशीन टाकलं. तीन घरांतून पिल्लांची मागणी आली. एक जण तं गावरानी कोंबडीच पाह्यजे म्हणून बसून राह्यला.

अन् हे कमी होतं म्हणून कोणीतरी सांगितलं, याची सरकारदरबारी नोंदणी करून ठेवा, पुढं कामी येते. मी रजा टाकून एका ऑफिसात गेलो. खिडकीतल्या माणसानं कॉम्प्युटरवर पाह्यलं, म्हणे टिश्यू कल्चर नावाचा धंदा इथं येत नाही. मी म्हटलं मंग जवळचं पहा. त्यानं विचारलं, काय काय लागते? मी मोठ्या इमानदारीनं सांगितलं, साखर, बरण्या, कुकर अन् हळद. त्यानं बटण दाबलं अन् आमच्या एम.एस्सी. पोरीची नोंद लोणचं-मुरंबा उत्पादक म्हणून झाली. बदलून द्या म्हटलं तं म्हणे आधी हा धंदा बंद झाल्याचं लिहून आणा. जो धंदा सुरूच नाही झाला तो बंद कसा करायचा? पुढच्या हप्त्यात तिले मोफत पापड प्रशिक्षणासाठी एका बाईचा फोन आला. त्या बाई आजही फोन करतात, अन् फार प्रेमानं बोलतात.

पण एक गोष्ट कबूल केली पाह्यजे, बरण्यांत रोपं आली. काय सुंदर आली. बोटाएवढी, पोपटी, एका बरणीत झुबकेच्या झुबके. मी ड्यूटीवरून आलो की चपला काढायच्या आधी खिडकीशी जाऊन उभा राहो. आत जाले मात्र सगळ्यांले बंदी. तनुजा सकाळी डोक्यावरून पाणी घेई, केस बांधे, तोंड बांधे, हातावर स्पिरिट चोळे, अनवाणी आत जाये अन् आत एक शब्द बोलत नसे. हे पाहून सोजरबाई फार खूश. म्हणे, एवढं सोवळं तं आमच्या सासूचंही नव्हतं. मीही म्हटलं, बरोबर आहे, सोवळंच आहे हे. अन् माझ्या डोक्यात ते तसंच बसलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तनुजाले अमरावतीले जावं लागलं. पीएच.डी.च्या गाइडबाईंनी सुट्टीतच भेटाले बोलावलं होतं. जाताना तिनं खोलीची चाबी मले दिली. निताले नाही, मले. म्हणे, "बाबा, ट्यूबलाइट चालू आहेत एवढं खिडकीतून पहा. दार उघडू नका, अन् कोणाले उघडू देऊ नका." मी चाबी जानव्याले बांधतात तशी करगोट्याले बांधली अन् घरातल्या सगळ्यांले दम दिला.

आता तुमी एसटीतल्या माणसाचा दसरा समजून घ्या. त्या दिवशी आमच्याकडे पूजा झाल्याशिवाय गाडी स्टँडातून हलत नाही. गाडी धुवाची, झेंडूचा हार घालायचा, स्टिअरिंगले हळद-कुंकू, चाकाखाली लिंबू, समोर नारळ. माझ्या सबंध नोकरीत मी एकही गाडी दसऱ्याले बिनाहाराची सोडली नाही. शिट्टीची पूजा करतो, टेबलाची करतो, तिकिटाच्या मशीनची करतो. अन् त्या दिवशी सकाळी घरी सगळ्या वस्तूंची पूजा झाली, विळा झाला, मिक्सर झाला, माझी मोटारसायकल झाली, अन् मी खिडकीतून पाह्यलं तं ज्या पेटीवर माझ्या पोरीचं नशीब बसलं होतं, तीच बिचारी कोरी. एक कुंकवाचं बोट नाही. मले कसंतरीच झालं. पुढच्या हप्त्यात साहेब येणार, अन् आमी त्या यंत्राले दसऱ्याचा हारही घातला नाही?

मी काही अविचारी माणूस नाही. मी तनुजाचे सगळे नियम पाळले. पुन्हा आंघोळ केली. धुतलेलं धोतर नेसलो. डोक्याले टोपी घातली. तोंडाले नवा रुमाल बांधला. हाताले स्पिरिट लावलं, अनवाणी झालो, मंगच दार उघडलं. एवढं सोवळं पाळल्यावर कोणता जंतू येणार होता?

जंतू नाही आला, जानराव आला. त्याच्या वावरातली नवी दळलेली हळद घेऊन, म्हणे हळदीच्या रोपाले घरचीच हळद पाह्यजे. त्याच्या मांगं सोजरबाई आरतीचं ताट घेऊन. मंग ज्यांच्या ज्यांच्या बरण्या होत्या त्या सगळ्या. मी सगळ्यांले सांगितलं, चपला बाहेर काढा. सगळ्यांनी काढल्या. पेटीले हार घातला, कुकरले घातला, धूप लावला. नारळ मी बाहेर फोडणार होतो, पण चौकटीवरच फुटला अन् पाणी आत उडालं. आरती मी म्हटली. स्टँडवर माइक बंद पडला तरी माझा आवाज शेवटच्या फलाटापर्यंत जाते, तं त्या एवढ्याशा खोलीत काय घुमला असंल. आवाज दबून राह्यला म्हणून मी रुमाल खाली घेतला होता.

एवढ्यावर थांबलो असतो. पण सोजरबाई म्हणाली, भाऊ, लेकरं किती दिवसांची कोंडून आहेत, दसऱ्याचं तीर्थ तं द्या. मले ते पटलं. मी एक एक झाकण उघडलं, पळीनं तीर्थ दिलं, आपट्याचं एक एक पान आत ठेवलं, अन् झाकण लावलं. एकाही बरणीले विसरलो नाही. विसरलो असतो तं बरं झालं असतं.

तनुजा दोन दिवसांनी आली. खिडकीतून आत पाह्यलं अन् तिथंच उभी राह्यली. बरण्यांत पांढरा कापूस आला होता, कुठं हिरवा, कुठं काळा, अन् जेली दह्यासारखी झाली होती. मधात पोपटी रोपं मान टाकून पडलेली. मी म्हटलं, काही चुकलं का? ती ओरडली असती तं मले चाललं असतं. तिनं नुसता हात समोर केला, मी करगोट्याची चाबी सोडून दिली, अन् ती आत गेली. दिवसभर एक एक बरणी उजेडात धरून पाहत बसली, मधात निताले विचारे, कोण कुठं उभं होतं अन् नारळ कुठं फुटला. जेवाले आली नाही. निता मले जेवाले वाढून राह्यली, पण ताट जरा जोरातच ठेवे. मले वाटलं, हैदराबादची गाडी मलेच लावावी लागणार.

साहेबाले येऊ नका म्हणून फोन करू का विचारलं तं ती म्हणे, येऊ द्या.

मंग मी अन् जानराव बसलो अन् तोड काढली. लाइन गेली होती, म्हणजे वीज नव्हती, असं सांगायचं. आपल्याकडे लाइन गेली म्हटलं की पुढं कोणी काही विचारत नाही, अन् खोटंही वाटत नाही. गल्लीत सगळ्यांले पढवून ठेवलं. सोजरबाईनं तं स्वतःहून सांगितलं की मी म्हणीन चार दिवस नव्हती.

कोजागिरीच्या दिवशी ते साहेब आले. हर्षल नाव, वय पाह्यलं तं माझ्या शेवटच्या भाच्याएवढं. बुटांसकटच खोलीकडे निघाले तं गल्ली मांगं मांगं. त्यांनी बरण्या पाह्यल्या अन् त्यांचं तोंड उतरलं. मी लगेच समोर झालो. म्हटलं, साहेब, काय सांगू, लाइनच गेली. जानराव म्हणे, हाव, गेली. सोजरबाई म्हणे, चार दिवस. साहेबानं मान हलवली, म्हणे, आमच्याकडेही तेच रडगाणं आहे. माझ्या जिवात जीव आला.

"लाइन गेली नव्हती," तनुजा म्हणाली. "बाबांनी पूजा केली."

मी पायाच्या अंगठ्याकडे पाहाले लागलो. अन् तिनं काय केलं, तं एक एक बरणी हातात घेऊन सांगाले सुरुवात. हा हिरवा, हा झेंडूच्या हारावरचा, हाराखालच्याच रॅकवर आहे, दुसरीकडे नाही. हा काळा, नारळाचं पाणी जिथंपर्यंत उडालं तिथंपर्यंत. आपट्याच्या पानाभोवती हा पांढरा, पानापासून बाहेर पसरला. अन् ही जेली दह्यासारखी झाली, ती सगळ्यात जास्त पेटीच्या समोरच्या बरण्यांत, जिथं उभं राहून बाबांनी आरती म्हटली. सगळ्या गावादेखत माझ्या तोंडातले जंतू तिनं साहेबाले बोट लावून दाखवले. मी नोकरीत मेमो खाल्ले आहेत, पण असा नाही खाल्ला.

साहेबानं विचारलं, "मॅडम, लाइनचं सांगितलं असतं तं मी पुन्हा एक संधी दिली असती. काहून नाही सांगितलं?"

"लाइनचं सांगितलं असतं तं उद्या तुमी मले जनरेटर घेऊन दिलं असतं," ती म्हणाली. "अन् बुरशी तशीच येत राह्यली असती."

साहेब खोलीबाहेर आले. माझ्या पलंगाजवळच्या गव्हाच्या कोठीलेच टेकले, अन् हसले. म्हणे, जनरेटर घेतलं आहे, बाई. इन्व्हर्टरही घेतलं. तरी आमच्या बरण्या सडून राह्यल्या, अन् लॅबमधल्या ज्याले विचारलं तो लाइनचंच नाव सांगते. त्यांनी जाता जाता विचारलं, एक तारखेपासून येऊ शकता का?

हे ऐकून मले किती आनंद झाला हे मी सांगू शकत नाही, कारण तो दाखवाले मले जागाच ठेवली नाही. साहेबाची गाडी वळली नाही तं जानराव गल्लीत सांगून मोकळा, पाहा, दसऱ्याची पूजा कशी फळली. संध्याकाळपर्यंत स्टँडवर पोहोचलं. रतनसिंग म्हणे, माझ्या पुतण्यानं इंजिनेरिंग करून वर्ष झालं, त्याच्याही लॅपटॉपची एकदा पूजा करून द्या, तुमच्याच हातानं. नाही म्हटलं तं रागावला, अन् मले दोन दिवस थंड चहा दिला.

तनुजा आता मानोऱ्याले खोली करून राहते अन् रोज इंझोरीच्या रस्त्याले लॅबात जाते. गेल्या पंधरवड्यात मी निताचे लाडू घेऊन गेलो. दारावरच्या माणसानं मले बाहेरच थांबवलं, नाव विचारलं, अन् नाव सांगितल्यावर तं दोन पावलं आणखीन मांगं सरकवलं. तनुजा बाहेर आली, पांढरा कोट, डोक्याले टोपी. म्हणे, लॅबातली देवाची तसबीर अन् उदबत्तीचं घर व्हरांड्यात आणलं, तवापासून एकही बरणी सडली नाही. मी लाडूचा डबा दिला अन् जे इतके दिवस पोटात होतं ते विचारलंच. म्हटलं, तनू, सगळ्या गल्लीसमोर बापाचं नाव घेणं जरुरी होतं का? लाइनचं घेतलं असतं तं काय बिघडलं असतं?

ती डब्याचं झाकण उघडून लाडू खाऊन राह्यली होती. म्हणाली, "बाबा, तुमचं नाव घेतलं म्हणून मले नोकरी लागली. लाइनचं घेतलं असतं तं लाइनले लागली असती."

असं म्हणून तिनं उरलेला लाडू माझ्या तोंडात कोंबला, मी हात झटकायच्या आधीच स्वतःचे हात धुवाले आत गेली, अन् दार लावून घेतलं. मी बाहेर उभा राहून लाडू खाल्ला. काचेतून ती दिसत होती. दारावरचा माणूस मले म्हणे, काका, काचेवर श्वास सोडू नका.